निळा गोल

वीस वर्षं मी कारखान्यात चादरी तपासते. धागा तुटलेला दिसला की निळ्या खडूनं गोल करायचा आणि ती चादर बाजूला टाकायची. डोळ्यांना आता दुसरं काही येत नाही.

विरेश, माझा भाचा, 'धागावीर' नावाचं कॉमिक घरीच काढतो आणि झेरॉक्स करून वाटतो. "मावशी, वाच की," म्हणून पहिला अंक दिला. जेवणाच्या सुट्टीत उघडला. हा धागावीर चादर पांघरून उडतो. मी त्याचं तोंड बघितलंच नाही, चादर बघितली. कोपऱ्यात एक धागा तुटलेला होता. सवयीनं हात गेला आणि गोल केला.

महिन्यानं दुसरा अंक आला. सगळा काळा-पांढरा, फक्त चादरीच्या त्याच कोपऱ्यावर निळा गोल.

"विरेश, हे तू काढलंस?"

"न्हाय मावशी. माझ्याकडं रंगच न्हाईत."

दमले होते. वाद घालायला जीव नव्हता. अंक मिटून ठेवला.

आज तिसरा अंक कारखान्यातच वाचला. धागावीर वर आभाळात, त्याची चादर धड आहे. खाली एक बाई टेबलावर वाकून उभी आहे, पाठमोरी. तिच्या पाठीवर निळा गोल.

शेजारच्या टेबलावर बसव्वा घड्या घालत होती. तिला म्हटलं, "माझी पाठ बघ गं जरा."

तिनं पदरानं घासलं. थांबली. पुन्हा घासलं.

"खडूच हाय की, सिद्धव्वा," ती हळू म्हणाली. "पण पुसंल तसा आतनं वर येतोय."