फरशी बसेपर्यंत

गणपती दहा दिवसांवर आले तरी आमच्या हॉलची फरशी उखडलेलीच होती. कॉन्ट्रॅक्टर धाकूभाऊ रोज फोनवर म्हणायचे, "वहिनी, उद्या नक्की." शेवटी एकदा माप घ्यायला म्हणून आले, तेव्हा मी हळूच म्हटलं, "तुमच्यावर राग नाही हो. पण फरशी बसेपर्यंत माझ्या पानात भात पडायचा नाही."

धाकूभाऊ मालवणचे. त्यांचा चेहराच उतरला. "भात नाही? मग जेवता काय?"

"भाकरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला चार माणसं घेऊन हजर. आठवड्यात फरशी बसली, बाप्पाची जागासुद्धा त्यांनी स्वतः पुसून दिली.

"आता भात टाका, वहिनी," हात धूत ते म्हणाले. "माझ्यासाठीपण टाका. तुम्ही भाकरीवर आणि मी आमटीभात ओरपणार, बरं दिसतं का? आठवडाभर चपात्या चावतोय. बायको हसते मला."

मी कुकर लावला, एका माणसापुरता. चातुर्मासाचा नेम म्हणून भात मी आषाढीलाच सोडला होता, तो थेट कार्तिकीपर्यंत.