तिसरा फॉल्ट

पंखा जोरात फिरत होता, हवा मात्र गरमच येत होती. करंटने डॅशबोर्डच्या जाळीसमोर हात धरला, काढला, पुन्हा धरला. वायरीतला बिघाड नुसत्या वासावरून सांगतो म्हणून गॅरेजमध्ये त्याला सगळे करंट म्हणायचे. या गाडीने त्याची पार शोभा केली होती.

"आज पण नाही का रे?" काकूंनी बाकावरून विचारलं. गाडी त्यांचीच. सत्तरीतल्या बाई, पण स्वतः चालवत आणायच्या आणि काम होईपर्यंत पर्स मांडीवर घेऊन बसून राहायच्या.

"बघतो ना काकू. परवा तर गारेगार हवा येत होती."

हेच तर त्याचं डोकं खात होतं. पहिल्यांदा एसीला वीज सोडणारा रिले जागेवर नव्हताच. कुठेतरी निसटून पडला असेल म्हणून त्याने नवा बसवला. मग फ्यूज उडालेला निघाला. तो बदलला, तर आज परत पहिले पाढे पंचावन्न. एकच फॉल्ट फिरून आला असता तर समजलं असतं. पण दर खेपेला नवा, आणि तोही फक्त एसीतच? हेडलाइट ठणठणीत, हॉर्न ठणठणीत. गाडीला बाधा झाली की आपल्याला, ते त्याला कळेना.

तेवढ्यात फोन वाजला. काकूंचा मुलगा, दुसऱ्या शहरातला.

"अहो, गिऱ्हाईक किती थांबेल? एसी चालला तरच गाडी घेतो म्हणतोय. गाडी विकली की घराला कुलूप लावून आईला इकडे आणायचंय. गाडी आहे तोवर ती ऐकायची नाही. तुम्हाला जमत नसेल तर दुसरीकडे नेतो."

"आज करून देतो साहेब," करंट म्हणाला आणि चरफडत परत बॉनेटखाली वाकला.

गॅस भरलेला. फ्यूज शाबूत. रिले टकटक वाजतोय. कॉम्प्रेसरपाशी मीटर लावला तर काहीच नाही. म्हणजे वीज रिलेतून निघत होती आणि वाटेत कुठेतरी गडप होत होती. वायर चाचपत चाचपत त्याचा हात एअर फिल्टरच्या डब्यामागे गेला, आणि बोटांना तुटलेलं टोक लागलं. त्याने ते उजेडात ओढलं. जळलेलं नाही, घासलेलं नाही. सरळ कापलेलं. आतलं तांबं अजून चकचकीत होतं, म्हणजे काम ताजं होतं.

"काकू, गाडीला दुसरं कोणी हात लावतं का? शेजारीपाजारी कोणाशी वाकडं वगैरे?"

"माझं रे कोणाशी वाकडं? बॉनेट मीच उघडते, पाणी बघायला. यांनी शिकवलं होतं..." काकू बोलता बोलता थांबल्या. त्यांनी हात हळूच पर्सखाली नेला, पण तर्जनीच्या नखातलं काळं ग्रीस त्याने पाहिलं होतं.

करंटला उमगलं, आणि उमगून तो जास्तच गोंधळला. खरं सांगावं तर या बाईच्या घराला कुलूप. न सांगावं तर ज्या नावावर पोट चालतं ते नाव गेलं. इकडे आड, तिकडे विहीर. त्यात फोन पुन्हा वाजला.

"सापडला का?"

करंटने काकूंकडे पाहिलं. त्या गाडीकडे बघत होत्या.

"सापडला. उंदीर," तो म्हणाला. हे तोंडातून कसं निघालं ते त्याचं त्यालाच कळलं नाही. "वायर कुरतडलीय, साहेब."

"मग आज होईल ना?"

"आजचं होईल हो. पण उंदराचं काय, एकदा शिरला की पुन्हा येतो."

"काय कटकट आहे," म्हणत मुलाने फोन ठेवला.

करंट कापलेली वायर हातात घेऊन तसाच उभा राहिला. काकू उठून त्याच्याजवळ आल्या होत्या. त्याने आवाज खाली आणला.

"काकू, उंदीर असं सरळ कापत नाही. दुसऱ्या कोणी बघितलं तर कात्री लगेच ओळखेल."

काकूंचे कान लाल झाले. मग पर्समधून चष्मा काढून त्यांनी डोळ्यांना लावला आणि वायरीवर वाकल्या.

"मग कसं कापतो?"