तीनदा येणारी ओळ

मारोतने ध्रुवपद म्हटलं, आणि रिंगण नुसतं उभं राहिलं.

"पाय माझे पिंपात, मन माझं वाऱ्यावर,
ये, माझा हात धर."

आरास गावच्या चौकात, मे महिन्याच्या उत्सवात असं कधी झालं नव्हतं. एकाने ओळ टाकायची, रिंगणाने ती उचलायची आणि हातात हात घालून डावीकडे सरकायचं, हा रिवाज. जिची ओळ कोणी उचलली नाही, तिने रिंगणाबाहेर जायचं आणि जन्मात पुन्हा गाणं लावायचं नाही, हाही रिवाजच. गायकमंडळाचे प्रमुख वीबेर यांनी सकाळीच सगळ्यांना दम भरला होता.

"कापड तुडवणारीला साथ द्याल तर गाठ माझ्याशी आहे!"

"काय गं, वाचा बसली का तुमची?" मारोतने शेजारच्या जिलोतला विचारलं.

"वीबेरबुवा बघतायत ना."

"बघू देत. रोंदो आहे हा, फिरून फिरून येणारं गाणं. ओळ अजून दोनदा येणार आहे."

"आटप बाई," वीबेर हसून म्हणाले, "पिंप वाट बघतंय तुझी."

मारोतने मधली ओळ घेतली आणि पुन्हा 'पाय माझे पिंपात'वर आली. तोंड कोणी उघडलं नाही. पण रिंगणातल्या निम्म्या बाया मारोतसारख्याच, रोज पहाटेपासून पिंपात उभ्या राहून ओलं लोकरी कापड तुडवणाऱ्या. गाण्याचा ठेका तोच होता. जिलोतची टाच उचलली गेली, मग तिच्या पलीकडचीची.

"पाय हलवायचे नाहीत!" वीबेर ओरडले.

"पायांनाच सांगा की, बुवा!" मागून कोणीतरी म्हणालं, आणि चौकात हशा पिकला.

तिसऱ्यांदा ओळ आली तेव्हा मारोतला ती एकटीने म्हणावीच लागली नाही. रिंगण गर्जत डावीकडे निघालं. मारोतचे डोळे वाहू लागले, पण आवाज तसूभर हलला नाही.

वीबेर तरातरा तिच्यासमोर आले. थांबा म्हणायला त्यांनी तोंड उघडलं.

"ये, माझा हात धर," त्यांच्या तोंडून खणखणीत सुरात निघालं.

मारोतने हात पुढे केला.

"डावा पाय आधी, बुवा."