वीस नवे संगणक

शाळेला देणगीत वीस संगणकांचे सुटे भाग मिळाले. संगणक शिकवणाऱ्या बाईंनी खोकी उघडली, मदरबोर्ड आणि प्रोसेसरवरचे क्रमांक ताडून पाहिले आणि त्या तडक मुख्याध्यापकांकडे गेल्या.

"सर, हा प्रोसेसर या बोर्डवर बसतच नाही. सॉकेटच वेगळा आहे. वीसच्या वीस तसेच!"

"बाई, धर्माच्या गायीचे दात मोजायचे नसतात. उद्या कार्यक्रम आहे. रिकामी कॅबिनेटं मांडा आणि झाकणं लावून टाका."

दुसऱ्या दिवशी देणगीदारांनी फीत कापली आणि काळ्या पडद्यासमोर बसून माउसवर हात ठेवला. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्यांदेखत त्या म्हणाल्या, "साहेब, यातला एकही सुरू होणार नाही. तेवढे बोर्ड बदलून द्या."

साहेब कॅमेऱ्याकडे बघत हसले. "फोटोत कुठे कळतंय, बाई?"

बाईंनी त्याच दुपारी शिक्षण खात्याला खरमरीत पत्र लिहिलं. आठव्या दिवशी, जुन्या संगणकांवर मुलांचा तास चालू असतानाच, खात्याची गाडी शाळेच्या दारात उभी राहिली. "आले एकदाचे बोर्ड!" म्हणत बाई सामानाला वाट करून द्यायला स्वतः धावल्या.



गाडीतल्या माणसाने हातातला आदेश वाचून दाखवला, "नवे वीस संगणक बसल्यामुळे आपले जुने सहा चालू संगणक दुसऱ्या शाळेला देण्यात येत आहेत," आणि म्हणाला, "मुलांना तेवढं उठवा, बाई."