कुणाची बॅट?

जिल्ह्याच्या संघात निवड झाल्यावर शामल वडिलांसोबत खेळाच्या दुकानात बॅटी पारखायला बसली. त्यांची ‘रांगडा’ आणि काकांची ‘झुंजार’ दोन्ही तिने बाजूला सारल्या. पूर्वी हे भाऊ मिळून बॅटी बनवायचे. थोरला पातं घडवायचा, धाकटा दांडा बसवायचा. मग भांडले आणि ब्रँड दोन झाले.

“आप्पा, तुमच्या बॅटनं चेंडू लांब जातोय, पण हाताला झिणझिण्या येत्यात. काकांचा दांडा झकास, तर पात्यात दम न्हाई. मी तिसरीच कंपनी बघते.”

हे आप्पांच्या जिव्हारी लागलं. बिनदांड्याचं पातं काखेत मारून ते कित्येक वर्षांनी धाकट्याच्या कारखान्यात शिरले.

“दांडा बसवून दे. नायतर पोरगी परक्याच्या बॅटनं खेळंल.”

धाकट्याने पात्यावर टिचकी मारली. आवाज ऐकून त्याचा चेहरा खुलला. “असं पातं अजून कुणाला जमत न्हाई, दादा. बस, चहा सांगतो.”

स्टिकर कुणाचं लावायचं, यावर मात्र चहा संपेपर्यंत दोघे भांडले.

पहिल्याच सामन्यात शामलने सणसणीत षटकार ठोकला. बिनस्टिकरची कोरी बॅट बघून यष्टिरक्षक मुलीने विचारलं, “कुठल्या कंपनीची गं?”

“घरची,” शामल म्हणाली.