धुक्यातला लोखंडी पूल

प्रदर्शनात यंदा फोटो लावायचाच, म्हणून सुनीलने निफाडजवळच्या सासुरवाडीत तीन दिवस मुक्काम ठोकला. रोज पहाटे कुडकुडत नदीकाठी जाऊन त्याने धुक्यातल्या लांबलचक लोखंडी पुलाचे पस्तीस फोटो काढले. रोलमधला शेवटचा फोटो मात्र सासऱ्यांनी वसूल केला. "जावईबापू, पुलाचं लय कवतिक झालं, आता आमचाबी एक काढा की!" म्हणत सावळीराम पुलाकडे पाठ करून, फेटा सावरून उभेच राहिले.

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी नाशिक रोडच्या स्टुडिओवाल्याने पाकिटातून एकच फोटो काढला. "बाकी पस्तीसांत नुसता धूर आला होता, साहेब. तुम्हाला कशाला भुर्दंड, म्हणून छापलेच नाहीत. निगेटिव्हही फेकून दिल्या. हे फेटेवाले बाबा मात्र झकास आलेत, चांगले मोठे करून दिलेत!"

फोटोखाली लावायची नावाची पट्टी आधीच छापून झाली होती.



दुसऱ्या दिवशी 'धुक्यातला लोखंडी पूल' या नावाच्या वर सासरे फेट्यासकट झळकत होते, आणि शेजारी खुद्द सावळीराम उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला समजावत होते, "पूल माझ्या मागं हाय."