कोपरापर्यंत चुडा

मोहोळच्या लॅबमध्ये मंदा टिश्यू कल्चरने, काचेच्या बंद बाटल्यांत, जरबेराची रोपं करायची. तिथे हातात बांगडी नि केसात फूल चालत नसे. जंतू शिरला तर बाटलीतली सगळी रोपं सडायची. रोज सकाळी गाडी दारात आली की ती बांगड्या उतरवून नवऱ्याच्या, अभिमन्यूच्या, तळहातावर ठेवायची.

त्याची आई टोमणा मारायची, "नवरा जित्ता हाय, आन् हात बघा की हिचं, भुंडं."

मंदा हसायची. "काम सुटू द्या आत्या, मग कोपरापतूर भरते. केसातबी माळते."

आज शेजारणींनी तिला हिरवी साडी नेसवली, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या भरल्या. लॅबमधल्या बायकांनी तिच्या हातच्या रोपांची फुलं आणली होती, ती केसात माळली. अभिमन्यूची आई तिच्याकडे बघतच राहिली.

गाडी दारात आली. बांगड्या घ्यायला अभिमन्यूने सवयीने हात पुढे केला.

 

आईने तो हळूच बाजूला सारला. "ऱ्हाऊ दे बाळा. अहेव गेली पोर, चुड्यासकट जाऊ दे तिला."